उषाबाईंचा बुटेबल पेनड्राइव्ह

सूरज नावाचा इंजिनिअर लॅबमध्ये आला तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि गेला तेव्हा अकरा वाजून पंचवीस. उषाबाई पुंगळेंनी मुद्दाम भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं होतं. या पंधरा मिनिटांत त्यानं वीसपैकी चार कॉम्प्युटर चालू केले, दोनदा फोन घेतला, आणि उभ्या उभ्या एका छापील कागदावर लिहून टाकलं: सर्व वीस संगणक कालबाह्य, दुरुस्तीच्या पलीकडे, निर्लेखन करावे. म्हणजे भंगारात काढावे.

उषाबाई पाण्याचा ट्रे घेऊन दाराशी उभ्या होत्या. त्यांना राहवलं नाही.

"सर, सोळा मशिनी तं तुम्ही चालूच न्हाई केल्या."

सूरजनं कागदावर सही केली, पेनचं टोपण लावलं आणि म्हणाला, "मावशी, तेवढा चहा सांगता का? साखर कमी."

उषाबाईंनी ट्रे टेबलावर ठेवला. आपटलाच. एका ग्लासातलं पाणी उसळून त्या कागदाच्या कोपऱ्यावर पडलं. सूरजनं तो झटकून वाळवला आणि प्राचार्यांच्या केबिनकडं निघून गेला.

जाफराबाद तालुक्यातल्या त्या कॉलेजात उषाबाई अठरा वर्षांपासून शिपाई होत्या. त्यांचे मालक कल्याणराव तिथंच प्रयोगशाळा परिचर होते. काविळीनं ते गेले आणि अनुकंपेवर उषाबाईंना घेतलं. शिक्षण बारावी, वय तेव्हा तीस. परिचराची जागा रिकामी असूनही ऑर्डर निघाली ती शिपायाची. "बाईमाणसाला लॅबमधलं काय कळणार," असं तेव्हा कुणीतरी म्हटल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं. ते वाक्य त्यांनी कुणाला परत बोलून दाखवलं नाही, पण विसरल्याही नाहीत.

मग लॅब झाडायचं, पुसायचं, उघडायचं आणि बंद करायचं काम त्यांच्याकडंच आलं. मशिनींवर नंबर टाकायला सांगितले तेव्हा त्यांनी घरून लाल नेलपॉलिश आणली आणि प्रत्येक डब्याच्या बगलेवर नंबर घातला. पुसल्यानं रंग जात नाही म्हणून. तास चालू असताना हजेरीचं रजिस्टर घेऊन त्या मागच्या भिंतीला टेकून उभ्या राहत आणि ऐकत. कोणती मशीन चालू करताना दोनदा बटण दाबावं लागतं, कुणाचा पंखा घरघरतो, कुणाची पुढची यूएसबी ढिली आहे, हे मॅडमपेक्षा त्यांना जास्त माहीत होतं. इंग्रजी त्या सावकाश वाचत, पण पडद्यावर येणारे शब्द त्यांना शेजारणींसारखे ओळखीचे झाले होते.

आणि त्यांचा राग नुसता त्या पंधरा मिनिटांचा नव्हता. तीन वर्षांपूर्वी सूरजच्याच एजन्सीनं दहा मशिनी अशाच भंगार म्हणून उचलून नेल्या होत्या. पुढं लेकीचा फॉर्म भरायला उषाबाई भोकरदनला गेल्या, तर तिथल्या एका खाजगी टायपिंग क्लासात खिडकीशेजारी एक मशीन झकास चालू होती. बगलेवर लाल नेलपॉलिशचा सात. सातची खालची रेघ थोडी वाकडी, कारण ती काढताना त्यांना शिंक आली होती.

परत आल्यावर त्यांनी प्राचार्य काकासाहेब मिसाळांना सांगितलं. प्राचार्य म्हणाले, "उषाबाई, सात हा आकडा काही तुमच्या एकटीचा नाही." केबिनमधले सगळे हसले होते.

आता पुन्हा तोच कागद. तोच शिक्का.

दुपारी तृप्ती मॅडम लॅबमध्ये आल्या. तासिका तत्त्वावर कॉम्प्युटर शिकवणारी पोरगी, तिशीच्या आतली, रोज जालन्याहून एसटीनं येणारी. उषाबाईंनी दार लोटून घेतलं.

"मॅडम, खरं सांगा. मेल्या का या मशिनी?"

तृप्ती मॅडम जरा चाचरल्या. "मेल्या नाहीत हो. विंडोज दहाचे अपडेट या महिन्यापासून बंद होतात, आणि नवं विंडोज या जुन्या मशिनी घेत नाहीत. सूरज सर तेवढंच धरून बसलेत."

"मंग दुसरं काही चालत न्हाई?"

"चालतं ना. लिनक्स चालतं. फुकट आहे. पेनड्राइव्ह बुटेबल करायचा, मशिनीला लावायचा, त्यावरून ती सुरू होते. आवडलं तर आत टाकून द्यायचं."

"तुम्ही हे प्राचार्यांना सांगितलं?"

मॅडमनी पर्सचा बंद हातात गुंडाळला. "मावशी, माझी ऑर्डर फेब्रुवारीपर्यंतचीच आहे. मला यात ओढू नका."

उषाबाईंना तिचंही पटत होतं आणि तिचा रागही येत होता. डोक्यात दोन्ही एकदम घेऊन त्या घरी गेल्या. भाकरी थापताना एक भाकरी तव्यावर टाकायच्या आधीच हातात फाटली.

दुसऱ्या दिवसापासून दिवाळीची सुट्टी लागली. सुट्टीत कॉलेज उघडायची पाळी नेहमीसारखी उषाबाईंचीच. मास्तर लोक गावोगाव पांगले. सकाळी दहा ते पाच इमारतीत त्या एकट्या, आणि कमरेला किल्ल्यांचा जुडगा. निर्लेखनाच्या गाड्या सुट्टी संपल्यावर येणार होत्या.

टेंभुर्णीच्या बाजारात पारसचं मोबाइलचं दुकान होतं. आजोबांच्या काळापासून कापडाचं चालायचं, पारसनं अर्ध्या भागात काचेचे शोकेस लावून मोबाइल मांडले होते. रविवारी उषाबाईंनी तिथं जाऊन सोळा जीबीचा पेनड्राइव्ह मागितला.

"काकू, गाणे भरून देऊ? भजनं, जुने पिक्चर?"

"गाणे न्हाई पाह्यजे. लिनक्स पाह्यजे."

पारसनं मान वर करून पाहिलं. मग हसला. "कोणाला पाह्यजे? साहेबांनी पाठवलं का?"

"मला पाह्यजे. मीच आले ना तुझ्यासमोर?"

त्यानं नाव विचारून घेतलं, शोधलं, आणि डाउनलोड लावलं. फाइल जवळजवळ तीन जीबीची. उषाबाई बाजार करून आल्या, नातेवाइकाकडं बसून आल्या, तरी पट्टी अर्धीच. शेवटी चार वाजता ती फाइल पेनड्राइव्हवर घेऊन त्या निघाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बारा नंबरच्या मशिनीला पेनड्राइव्ह लावला. मॅडम तासाला सांगायच्या तसं चालू करताच एफ बारा दाबत राहिल्या. यादी आली, यूएसबी निवडली. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरात एक ओळ आली. बूट होण्यासारखं यात काही नाही, अशा अर्थाची.

त्यांनी परत केलं. परत तीच ओळ. चौदा नंबरवर केलं. तीच.

त्या तशाच उठल्या, लॅबला कुलूप घातलं आणि टेंभुर्णी गाठली.

"तू मला काय भरून दिलं रे? मी काय खुळी वाटले का तुला?"

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. पारस कानापर्यंत लाल झाला. "काकू, खरं सांगतो, मी मोबाइलवाला आहे. मी आपली फाइल टाकून दिली. बुटेबल कसं करतात मला बी न्हाई माहीत."

"मंग कालच सांगायचं ना! माझा एक दिवस गेला."

"बसा. बघू दोघं मिळून."

त्यानं काउंटरच्या आत त्यांना खुर्ची दिली आणि व्हिडिओ लावला. तेव्हा कळलं की गाणं टाकतात तशी फाइल टाकून चालत नाही. गाणं नुसतं पडून राहतं. ही फाइल उकलून, पेनड्राइव्हच्या अगदी पहिल्या जागेपासून लिहावी लागते, म्हणजे मशीन जागी होताच तिला तिथं वाचायला काहीतरी मिळतं. त्यासाठी रुफस नावाचं एक छोटं सॉफ्टवेअर लागतं. पारसनं ते घेतलं, उघडलं, भराभर दोन ठिकाणी टिचक्या मारल्या आणि 'स्टार्ट'वर बाण नेला. पडद्यावर इशारा आला, यावरचं सगळं पुसलं जाईल.

"थांब!" उषाबाईंनी त्याचं मनगटच धरलं.

"काय झालं?"

"वर बघ. बत्तीस जीबी लिहिलंय. माझा तं सोळाचा आहे."

पारसनं बघितलं आणि त्याचा हात माउसवरून आपोआप सुटला. मशिनीला मागच्या बाजूनं आणखी एक पेनड्राइव्ह लावलेला होता. हसनाबादच्या एका फोटोग्राफरचा, त्यात आठ लग्नांचे फोटो, अल्बमसाठी आलेले. एक टिचकी पडली असती तर आठ घरची लग्नं गेली असती.

"काकू, तुम्ही न्हाई पाह्यलं असतं तर..."

"जल्दी कशाला करतो पण? वाचत जा ना लेका."

त्यानं तो बत्तीसचा काढून डबीत ठेवला. मगच पुढं काम झालं. उषाबाईंनी पिशवीतून वही काढून एकेक पायरी लिहून घेतली. पहिली ओळ: आधी बाकीचे सगळे पेनड्राइव्ह काढणे. दुसरी: नाव आणि जीबी दोनदा वाचणे.

तरीही तो दिवस सुखाचा गेला नाही. कॉलेजात येऊन लावलं तर या वेळी ओळही आली नाही, नुसती एक आडवी रेघ लुकलुकत राहिली. उषाबाईंनी बारा नंबरच्या डब्यावर हाताची चापट मारली. त्या रिकाम्या लॅबमध्ये एकट्या उभ्या राहून मोठ्यानं बोलायला लागल्या: सूरजला, प्राचार्यांना, मेलेल्या नवऱ्यालाही, की तुम्ही शिकवून का न्हाई गेलात मला. घसा दुखेपर्यंत बोलल्या. मग माठातलं पाणी पिऊन आल्या आणि मोबाइलवर तोच व्हिडिओ पहिल्यापासून लावला.

सतराव्या मिनिटाला सापडलं. रुफसमध्ये पेनड्राइव्हची मांडणी निवडताना मशीन नवी असेल तर जीपीटी घ्या, जुनी असेल तर एमबीआर. पारसनं घाईत जे आपोआप आलं होतं तेच राहू दिलं होतं. मशिनी दहा-बारा वर्षांच्या जुन्या. तिसऱ्यांदा त्या टेंभुर्णीला गेल्या तेव्हा पारसनं खुर्ची पुढं केली आणि माउस त्यांच्याच हातात दिला. उषाबाईंनी एमबीआर निवडलं, नाव वाचलं, जीबी वाचले, परत वाचले, आणि मग टिचकी मारली. हिरवी पट्टी सरकत गेली.

दुसऱ्या दिवशी बारा नंबरच्या पडद्यावर अक्षरांच्या ओळी धडाधड खाली धावत गेल्या, आणि मग एक स्वच्छ निळसर पडदा आला. खाली चिन्हं, वर घड्याळ. त्यांनी माउस हलवला. बाण हलला.

"आलं बाई," त्या म्हणाल्या, आणि लगेच त्यांना आणखी राग आला. एवढंच होतं? एवढ्यासाठी वीस मशिनी भंगारात चालल्या होत्या?

पुढचे नऊ दिवस त्यांनी दुसरं काही केलं नाही. आधी प्रत्येक मशीन पेनड्राइव्हवरूनच चालवून बघायची, पोरींनी केलेली प्रॅक्टिकलची कामं दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवून घ्यायची, आणि मगच आत टाकायचं. ज्या तीन मशिनी नुसत्या पीं पीं करत होत्या त्यांच्या मेमरीच्या पट्ट्या काढून खोडरबरनं घासल्या, की चालू. पाच मशिनींचं घड्याळ सारखं मागं जायचं. त्यांच्यात मनगटी घड्याळात असतो तसला पण मोठा सेल असतो हे त्यांनी कधीकाळी पाहिलं होतं. पारसकडून पाच सेल आणून बसवले. तीन मशिनी मात्र खरंच गेलेल्या निघाल्या. त्यांच्यावर त्यांनी खडूनं फुली मारली. वीसपैकी सतरा.

सुट्टी संपली. सकाळी तृप्ती मॅडमनी लॅबचं दार उघडलं तर सतरा मशिनींचे पडदे उजळलेले. त्या दारातच थांबल्या.

"मावशी, हे कुणी केलं?"

"मी केलं. तुम्हाला न्हाई ओढलं यात. बिलकुल भिऊ नका."

मॅडमचा चेहरा उतरला. उषाबाईंना ते दिसलं, आणि बरंही वाटलं.

दुपारपर्यंत बातमी केबिनला पोचली. चार वाजता नोटीस आली. कारणे दाखवा: वरिष्ठांच्या परवानगीशिवाय महाविद्यालयाच्या मालमत्तेत फेरफार केल्याबद्दल आपणांवर कारवाई का करू नये. नोटीस द्यायला दुसरा शिपाई कुणी नव्हता, म्हणून क्लार्कनं ती उषाबाईंच्याच हातात दिली आणि म्हणाला, "मावशी, ही उषाबाई पुंगळेंना द्यायची आहे." त्यालाही मग आपलं आपल्यालाच कसंतरी झालं.

चौकशी तिसऱ्या दिवशी. केबिनमध्ये प्राचार्य, संस्थेचे एक सदस्य राधेश्यामजी, सूरज आणि कोपऱ्यात तृप्ती मॅडम. उषाबाईंना बसायला कुणी सांगितलं नाही.

सूरज म्हणाला, "सर, हे धोकादायक आहे. लायसन नाही, सिक्युरिटी नाही. उद्या व्हायरस आला तर जबाबदार कोण?"

"याला लायसन विकत घ्यावं लागत न्हाई," उषाबाई म्हणाल्या. "मॅडमला विचारा."

सगळ्यांनी तृप्ती मॅडमकडं पाहिलं. मॅडमनी टेबलावरच्या पेपरवेटकडं पाहिलं.

प्राचार्य समजुतीच्या आवाजात म्हणाले, "उषाबाई, तुमचा हेतू चांगला असेल. पण तुम्ही मशिनींना हात लावायलाच नको होता."

"अठरा वर्षं हात लावून राह्यले सर. फडकं धरून. तेव्हा चाललं. आता फडकं न्हाई हातात, तं चालत न्हाई?"

"आवाज खाली."

"खालीच होता इतके दिवस. मी सात नंबर पाह्यला भोकरदनला, तेव्हा बी खालच्याच आवाजात सांगितलं, तुम्ही हसले. यांनी पंधरा मिनिटांत चार मशिनी पाह्यल्या न् वीस मारल्या. मी नऊ दिवस एकेक मशीन खोलली. तीन मेल्यात, त्या मी स्वतः फुली मारून ठेवल्या. नोटीस मला. यांना का न्हाई?"

सूरज उठून उभा राहिला. राधेश्यामजींनी, जे आतापर्यंत चष्मा पुसत होते, हात वर केला. "सात नंबरचं काय ते?"

"काही नाही, जुनी गोष्ट," प्राचार्य घाईनं म्हणाले.

राधेश्यामजींनी पुढं विचारलं नाही. पण भंगाराच्या कागदावर त्या दिवशी त्यांनी सहीही केली नाही. "बघू परीक्षेनंतर," म्हणाले. गाड्या रिकाम्या परत गेल्या. उषाबाईंच्या सेवापुस्तकात मात्र लाल शाईनं नोंद झाली: सक्त ताकीद देण्यात येते.

डिसेंबरात प्रॅक्टिकलची परीक्षा त्याच सतरा मशिनींवर झाली. बाहेरून आलेले परीक्षक मच्छिंद्र सोनुने म्हणून होते, घनसावंगीकडचे. दोन बॅचा संपल्या, एकही मशीन अडली नाही. त्यांनी प्राचार्यांसमोरच विचारलं, "मिसाळ सर, या जुन्या मशिनी एवढ्या हलक्या कशा चालतात? कुणाकडून केलं?"

प्राचार्य म्हणाले, "आमच्याच स्टाफनं."

तेव्हा तृप्ती मॅडम बोलल्या. लॅबमधल्या सगळ्या पोरींना ऐकू गेलं. "उषाबाई पुंगळेंनी केलं सर. एकट्यांनी. पेनड्राइव्हपासून सगळं. त्यांना त्याबद्दल ताकीद मिळालीय."

सोनुने सर वळले. उषाबाई उत्तरपत्रिकांचा गठ्ठा बांधत होत्या. "बाई, बूट कशावरून केलं? एमबीआर?"

"एमबीआर. जीपीटी घेतलं न्हाई या मशिनींनी."

"बरोबर," सर म्हणाले, आणि आपल्या कॉलेजचं नाव व फोन नंबर त्यांनी कागदावर लिहून दिला. "आमच्याकडं चोवीस पडून आहेत."

बाहेर व्हरांड्यात मॅडम उषाबाईंच्या मागं आल्या. "मावशी, त्या दिवशी मी..."

"त्या दिवशी बोलायला पाह्यजे होतं," उषाबाई म्हणाल्या. गठ्ठ्याला आणखी एक गाठ मारली. "आज बोलल्या ते बी खरं. पण त्या दिवशी मी एकटी उभी होते." मॅडमची ऑर्डर फेब्रुवारीत संपली आणि पुन्हा निघालीही. दोघी आता एकत्र डबा खातात. तरी त्या दिवसाचा विषय निघाला की उषाबाई डबा बंद करून उठतात.

जानेवारीत कॉलेजचा वार्षिक अहवाल छापून आला. त्यात एक परिच्छेद होता: प्राचार्यांच्या मार्गदर्शनाखाली महाविद्यालयाने स्वतःच्या साधनांतून संगणक प्रयोगशाळेचे पुनरुज्जीवन केले. नाव कुणाचंच नव्हतं. उषाबाईंनी तो परिच्छेद उभ्यानं वाचला, बसून वाचला, मग अहवाल गुंडाळून क्लार्ककडून कोरा कागद मागून घेतला. अर्जात चारच ओळी लिहिल्या. हे काम चांगलं असेल तर माझी ताकीद काढावी. काम वाईट असेल तर अहवालातून काढावं. दोन्ही एकदम राहू शकत नाही.

उत्तर आलं नाही. फेब्रुवारीत दुसरा अर्ज दिला. आणि रविवारी घनसावंगीला जाऊन त्या कॉलेजच्या चोवीसपैकी एकोणीस मशिनी चालू करून आल्या. तिथल्या शिपायानं दारातच विचारलं होतं, "इंजिनिअर साहेब मागून येऊन राह्यले का?" त्याला त्यांनी असं काही सुनावलं की तो दिवसभर न सांगता पाणी आणून देत राहिला.

मार्चमध्ये तिसरा अर्ज घेऊन त्या केबिनमध्ये गेल्या. प्राचार्यांनी कपाळावर हात मारला.

"मावशी, सोडा ना आता. सगळं चांगलंच झालंय की."

"चांगलं झालं म्हणूनच न्हाई सोडत सर. वाईट झालं असतं तं ताकीद बराबर होती, मी गप बसले असते. आणि मावशी नका म्हणू. अर्जावर नाव आहे माझं."

प्राचार्यांनी अर्ज घेतला आणि न वाचता बाजूच्या ढिगावर ठेवायला गेले.

"तिथं नका ठेवू," उषाबाई म्हणाल्या. त्यांनी अर्जाची दुसरी प्रत पुढं सरकवली, शिक्क्याची डबी उघडून तिच्या शेजारी ठेवली, आणि टेबलासमोरची खुर्ची ओढून बसल्या. "आधी पोच द्या. तारीख घालून."

प्राचार्यांनी एकदा दाराकडं पाहिलं. मग शिक्का उचलला.